गोविंदरावांचा डबा

८ नोव्हेंबर

माझ्या लेकीने, निधीने, ही डायरी आणून दिली. दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलंय की काय खाल्लं, पोट कितीदा बिघडलं, ताप आला का, ते रोज नोंदवा. पण ते सगळं निधी स्वतःच मोबाईलमध्ये भरते. मग मी इथे काय लिहायचं, तर जे मोबाईलमध्ये भरता येत नाही ते.

पहिलं पान आहे, तर ओळख लिहिते. दुर्गा गोविंदराव मोहिते, वय त्रेपन्न, ग्वाल्हेरच्या किला गेटजवळच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका, सध्या लांबच्या रजेवर. तरुणपणी हॉकीत गोलकीपर होते. यंदा होळीनंतर रक्ताचा कॅन्सर निघाला. आधी ग्वाल्हेर, मग दिल्ली. ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या भावाच्या, हेमेंद्रच्या स्टेम सेल माझ्या रक्तात सोडल्या. मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल. प्रत्यक्षात सलाईनसारखी एक छोटी पिशवी टांगली, नळीतून लालसर पाणी उतरलं आणि मी मध्येच झोपून गेले. तेव्हापासून हेमू फोनवर माझी तब्येत विचारत नाही. 'माझ्या पेशी कशा आहेत?' असं विचारतो.

त्याच्या पेशी रुजल्या आहेत. अडचण पोटाची आहे. दवाखान्यात ताप येत राहिला म्हणून जबरदस्त अँटिबायोटिक दिली. त्यात आतड्यातले चांगले जंतूही साफ झाले आणि रिकाम्या जागेत एक हट्टी जंतू येऊन बसला. औषध घेतलं की जातो, औषध थांबलं की परत येतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूसारखा.

मी घाबरलेली नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

१२ नोव्हेंबर

नवऱ्याला आमच्यात 'हे' म्हणतात, पण डायरीत 'हे' लिहिलं तर कोण हे ते मलाच कळणार नाही. म्हणून गोविंदराव.

गोविंदरावांचं सराफ्यात चांदीच्या भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर गादीवर बसणं, तोंडात पान, चार वाजता कचोरी. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि इतकीच वर्षं मी त्यांच्या पोटाच्या मागे लागले आहे. शाळेतल्या शेकडो मुलींना पळायला लावलं, या एका माणसाला गल्लीच्या टोकापर्यंत चालवता आलं नाही.

आता ते माझा स्वयंपाक करतात. सगळं कुकरमध्ये रगडून शिजवलेलं, कच्चं काही नाही, घरचं दही नाही, बाहेरचं तर नावच नको. आज त्यांनी केलेली खिचडी भिंतीच्या फटी भरायला चालली असती. मी सगळी खाल्ली. ते समोर बसून ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मोड आलेले मूग खात होते. मोड आलेले मूग. हा माणूस त्याला घोड्याचा चारा म्हणायचा.

"अहो, तुम्हाला कोणी शिक्षा केली?"

"सहज," ते म्हणाले. "बदल म्हणून."

१९ नोव्हेंबर

गोविंदराव पहाटे उठून किल्ल्याचा चढ चढायला जातात. खरंच जातात. माझ्या खिडकीतून चढाचा पहिला तुकडा दिसतो. थांबत, कमरेवर हात ठेवत, पण जातात. पडाव भागातल्या दुकानातून पांढरे बूट आणले आहेत.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी धडधाकट होते तेव्हा रोज म्हणायचे, चला हो माझ्याबरोबर, एकदा तरी चला. तेव्हा गुडघे दुखायचे. आता मी अंथरुणावर आहे आणि गुडघे एकदम बरे झाले.

निधीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तू टेंशन मत ले ना. बाबांना फिट व्हायचंय, बस." आणि नजर मोबाईलमध्ये. सव्वीस वर्षांची मुलगी, आईशी खोटं बोलताना अजून कान लाल होतात तिचे.

२७ नोव्हेंबर

भाडेकरू परत आला. चार दिवस काही लिहिण्याजोगं नाही. वजन आणखी उतरलंय. बांगड्या आता कोपरापर्यंत वर जातात. निधीला म्हटलं, बघ, लहानपणीसारखा खेळ. ती हसली नाही.

३ डिसेंबर

गोविंदरावांनी पान सोडलं. मला सांगितलंही नाही. दात पांढरे दिसायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माणूस पन्नाशीनंतर पान सोडतो, पोट उतरवतो, पांढरे बूट घालतो. शाळेत स्टाफरूममध्ये असं कोणाबद्दल ऐकलं असतं तर मी एका मिनिटात निष्कर्ष काढला असता. हे नुसतं लिहिते आहे. निष्कर्ष काढत नाहीये.

१० डिसेंबर

आज दाट धुकं. मी पहाटेच उठून खिडकीपाशी बसले होते, कारण झोप लागत नाही. गोविंदराव बाथरूममधून आले, स्वयंपाकघरात काही तरी खुडबुड केली आणि निळी पिशवी घेऊन बाहेर पडले. गार ठेवायची असते ना तसली, जाड अस्तराची. आत एक पांढऱ्या झाकणाचा डबा ठेवताना मी दारातून पाहिला. सराफा डाव्या हाताला, ते पडावच्या रस्त्याला उजवीकडे वळले.

इतक्या सकाळी दुकान उघडत नाही. आणि माझ्यासाठी खिचडी टाकण्याआधी गोविंदराव कोणासाठी डबा घेऊन गेले?

परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती आणि गोविंदराव खुशीत होते. शीळ घालत होते.

१६ डिसेंबर

गोविंदरावांचा गाल फुगला आहे. दाढ. वेदनेने पाणी येतंय डोळ्यांत, पण गोळी घेत नाहीत. निधीने डेंटिस्टकडे नेलं, त्याने अँटिबायोटिक लिहून दिलं. गोविंदराव म्हणाले, ते सोडून काहीही सांगा. डेंटिस्ट म्हणाला, मग दाढ काढावी लागेल. गोविंदराव म्हणाले, काढा.

मी मास्क लावून दारात उभी राहिले आणि विचारलं, "अहो, सहा दिवसांच्या गोळ्या खायला काय दिक्कत आहे?"

"नाही खायच्या," कापसाच्या बोळ्यातून उत्तर आलं. "माझी दाढ, माझा निर्णय."

अठ्ठावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी असा बोलला नव्हता.

२२ डिसेंबर

शालिनीताई आल्या होत्या. या गोविंदरावांच्या चुलत बहीण, पलीकडच्या गल्लीत राहतात. वर यायची परवानगी कोणालाच नाही, म्हणून खालून रस्त्यावरून गप्पा मारतात. सगळं किला गेट ऐकतं.

"दुर्गा, तू लवकर बरी हो गं. आणि गोविंद कसा एकदम स्मार्ट झालाय. नवरदेव वाटतो नवरदेव."

मी हात हलवून हसले. मग आत येऊन बराच वेळ भिंतीकडे पाहत पडले. शालिनीताईंच्या मनात काही नसतं, त्यांची जीभ तशीच आहे. पण एवढं खरं की माझ्यानंतर या घरात कोणी तरी लागेल. गोविंदरावांना स्वतःचे मोजेही सापडत नाहीत.

२९ डिसेंबर

दिल्लीला जाऊन आलो. डॉ. गरिमांनी आज पहिल्यांदा चित्र काढून समजावलं. त्या हिंदीत सांगतात, मी मला कळलं तसं उतरवते.

हेमूच्या पेशींनी रक्त तयार करायला सुरुवात केली, ते सोपं काम. पण खरे लढवय्ये, ज्यांना लिम्फोसाइट म्हणतात, ते माझ्यात फार कमी आहेत, आणि जे आहेत ते नवशिके. कोणावर तुटून पडायचं आणि कोणाला सोडायचं, हे त्यांना शिकावं लागतं. बरंचसं शिक्षण आतड्यात होतं, तिथल्या चांगल्या जंतूंच्या संगतीत. निरोगी माणसाच्या पोटात शेकडो जातींचे जंतू नांदतात. माझ्या तपासणीत मूठभरच निघाल्या.

"म्हणजे मुली मैदानात आल्या आहेत आणि कोचच नाही," मी म्हटलं.

डॉक्टर हसल्या. "कुछ ऐसा ही. पण कोच परत आणता येतात." आणि पुढे काही बोलणार, तेवढ्यात गोविंदराव घाईने म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर बोलू या का?" दोघं बाहेर गेले. काचेतून दिसत होतं. डॉक्टर काही सांगत होत्या, गोविंदराव मान खाली घालून ऐकत होते, मग दोन्ही हात जोडले.

हात जोडतो माणूस तेव्हा काय समजायचं असतं, हे न कळण्याएवढी मी खुळी नाही. निधी म्हणाली, "वो कुछ नहीं, आई, रिपोर्टबद्दल होतं." कान लाल.

६ जानेवारी

निळी पिशवी पुन्हा गेली. पुन्हा पडावकडे.

९ जानेवारी

भाडेकरू परत. ही तिसरी खेप, की चौथी. आज लिहिवत नाही.

१३ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

चार दिवस पडून विचार केला होता. रडत बसायचं नाही असं ठरवलं. गोलकीपरला माहीत असतं, काही गोल जाणारच असतात. गेल्यावर चेंडू उचलून परत द्यायचा असतो. तर मी गोविंदरावांना बोलवून समोरच्या खुर्चीवर बसवलं. खिडकी उघडी, दोघांना मास्क, मध्ये अंतर. गंभीर बोलणं मास्कमधून करणं किती कठीण असतं.

"अहो, मला सगळं माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. "निधीने सांगितलं?"

"निधीला पण माहीत आहे?" हे मला जास्त लागलं.

"तिनेच तर सगळी व्यवस्था केली. मला एकट्याला कुठे जमणार होतं?"

मी मास्क सारखा केला. मग म्हटलं, "मी रागावले नाहीये. तुमचं वय अठ्ठावन्न. पुढे एकटं राहणं बरं नाही, मी समजू शकते. फक्त एवढं सांगा, चांगली आहे ना?"

"एकदम चांगली," गोविंदराव म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकले. "परवाच रिपोर्ट आला. पहिल्या वेळी नापास झालो होतो, तुला सांगितलं नाही. या वेळी म्हणाले, अशी चांगली क्वचित मिळते."

"कसला रिपोर्ट?"

"तिचाच. दोनदा नेऊन दिली ना पडावच्या लॅबमध्ये."

"अहो, ज्या बाईला तुम्ही सकाळी डबा पोचवता, तिला लॅबमध्ये कशाला नेता?"

"कोणती बाई?" गोविंदराव म्हणाले.

 मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी उजाडलं आणि ते खुर्चीतच वाकले. मला वाटलं छातीत दुखतंय. ते हसत होते. हसता हसता मास्क ओला झाला. निधी धावत आली आणि त्यांना तिलाही काही सांगता येईना, नुसतं हाताने दाखवत होते, डबा, डबा.

शेवटी निधीने सांगितलं. त्या डब्यात त्यांची शी होती.

ऑक्टोबरमध्येच डॉक्टरांनी या दोघांना सांगून ठेवलं होतं, पोट असंच बिघडत राहिलं तर निरोगी माणसाच्या शीतले जंतू गाळून माझ्या आतड्यात सोडता येतील. घरातलाच कोणी दाता असेल तर बरं. हेमूला मधुमेह, तो बाद. निधीने तेव्हा नुकतंच घशासाठी अँटिबायोटिक घेतलं होतं, ती बाद. राहिले गोविंदराव. त्यांची तपासणी झाली आणि तेही बाद झाले. वजन जास्त, साखर काठावर, लिव्हरवर चरबी. डॉक्टर म्हणाल्या, बाहेरचा दाता शोधू. गोविंदराव म्हणाले, मला थोडा वेळ द्या. आणि दुर्गाला सांगू नका. तिने या वर्षात 'कदाचित' हा शब्द फार वेळा ऐकलाय, मी पास झालो तरच सांगू.

म्हणून मूग. म्हणून चढ. म्हणून दाढ काढली, कारण गोळ्या घेतल्या असत्या तर जंतू मेले असते आणि पुन्हा तीन महिने थांबावं लागलं असतं.

"आणि पान?" मी विचारलं.

"पानाचं त्यांनी सांगितलं नव्हतं," गोविंदराव म्हणाले. "म्हटलं, लगे हाथ तेही सोडावं. तू किती वर्षं म्हणत होतीस."

मी रडले नाही असं लिहिणार होते. रडले. मग विचारलं, "दिल्लीला हात का जोडलेत डॉक्टरांसमोर?"

"त्या तुला तेव्हाच सांगायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, माझा रिपोर्ट येऊ द्या, प्लीज."

१४ जानेवारी

संक्रांत. डॉ. गरिमांनी व्हिडिओवर सगळं समजावलं, धोकेही सांगितले. माझ्यासारख्या माणसाला बाहेरच्या जंतूपासूनही आजार होऊ शकतो, म्हणून एवढ्या तपासण्या. सगळ्यांना फायदा होतोच असं नाही. निर्णय माझा. मी म्हटलं, एक दिवस द्या.

खरं सांगायचं तर किळस येते. लहानपणापासून दहा वेळा हात धुवायला शिकलो आम्ही. आणि आता दुसऱ्याची. दुसऱ्याची म्हणजे यांची. त्याने किळस कमी होते की वाढते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हेमूला फोन केला. त्याने आधी सगळं दोनदा सांगायला लावलं.  मग म्हणाला, "ताई, रक्त माझं, पोट दाजींचं. तुझं काय राहिलं?"

"जीभ," मी म्हटलं.

संध्याकाळी डॉक्टरांना होकार कळवला. गोविंदरावांनी तीळगुळाची गजक आणली होती, मला चालत नाही म्हणून लपवून ठेवली होती. मी म्हटलं, माझ्यासमोर खा, मला आवाज तरी ऐकू दे. ते म्हणाले, नको, आता परीक्षा जवळ आली आहे.

२५ जानेवारी, दिल्ली

काल झालं. आदल्या दिवशी मला तांब्याभर खारट औषध पाजून पोट धुऊन काढलं. ते काही लिहीत नाही.

सकाळी मी तयार, डॉक्टर तयार, यंत्र तयार. आणि गोविंदरावांना होईना. रोज पहाटे घड्याळासारखा नियमित माणूस, काल सकाळी काहीच नाही. टेन्शन. माझ्या खोलीच्या काचेतून दिसत होतं, पांढरे बूट कॉरिडॉरमध्ये इकडून तिकडे, तिकडून इकडे. निधी मागे गरम पाण्याचा ग्लास घेऊन. "बाबा, प्रेशर मत लो." ते म्हणाले, "प्रेशरच तर हवंय." नर्स तोंड फिरवून हसत होती.

एवढी वाट निधीच्या जन्माच्या वेळीही पाहिली नव्हती.

शेवटी ते बाथरूममधून डबा घेऊन बाहेर आले. त्या चेहऱ्याचा फोटो निधीने काढला आहे. राज्याचा कप जिंकून आलो होतो तेव्हा आमच्या कप्तानचा चेहराही असा नव्हता.

मला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. जागी झाले तेव्हा झालं होतं. पोटात थोडं जड, बाकी काही नाही. गोविंदराव पायाशी बसले होते. विचारलं, "कसं वाटतंय?"

"कचोरी खावीशी वाटते आहे," मी म्हटलं. ते इतके घाबरले की डॉक्टरांना बोलवायला उठले. जंतूंबरोबर सवयीही आल्या असं वाटलं त्यांना. मी गंमत केली होती.

२ फेब्रुवारी

आज नीट झाली. एकदा. घट्ट. हे वाक्य लिहायला मला अजिबात लाज वाटत नाही. निधीने हेमूला कळवलं, हेमूने शालिनीताईंना, आणि शालिनीताईंनी खाली रस्त्यावरून विचारलं, "काय दुर्गा, झाली म्हणे?"

११ फेब्रुवारी

भाडेकरू परत आलेला नाही. रोज सकाळी उठून आधी त्याचीच चाहूल घेते. वजन किंचित चढलंय. गोविंदरावांची खिचडी सुधारली आहे, की माझी भूक, सांगता येत नाही.

रात्रभर झोप लागते.

२६ फेब्रुवारी

रक्ताचा रिपोर्ट. लिम्फोसाइट वाढले. फार नाही, पण इतके दिवस जी रेघ जमिनीला चिकटून होती ती उचलली गेली आहे. निधीने मोबाईलवर आलेख दाखवला. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला.

डॉ. गरिमांना विचारलं, "हे गोविंदरावांमुळे ना?"

त्या म्हणाल्या, पोट बरं झालं ते बहुतेक त्याचमुळे. लढवय्यांचं मात्र एका पेशंटवरून सांगता येत नाही. काही जणांचे आपोआपही याच सुमारास वाढतात. अभ्यास चालू आहेत, आशा आहे, पण मी खोटी खात्री देणार नाही.

मला त्यांचा हा खरेपणा आवडला. गोविंदरावांना आवडला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "माझ्याचमुळे आहे."

"हो, तुमच्याचमुळे," मी म्हटलं. कुठे तरी खोटी खात्री लागतेच.

१७ मार्च

मला पहाटे गर्दी नसताना मास्क लावून चालायची परवानगी मिळाली. आम्ही दोघं चढापर्यंत गेलो. मी आधीसारखी चालेन असं वाटलं होतं. पहिल्या वळणाच्या आतच मी कठड्याला टेकले. गोविंदराव पुढे गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्या पुढे चालत होता. वळून म्हणाले, "चल ना, काय झालं?"

मी त्या जागी उभी राहून त्यांना अठ्ठावीस वर्षांचं सगळं एकदम ऐकवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग खाली आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "आता दम आला असेल बोलून. चल."

खरंच आला होता. वर किल्ल्याच्या भिंतीवर ऊन येत होतं. आणखी एक वळण चढलो.

परवा त्यांच्या शर्टाला हिंगाचा वास येत होता. चार वाजताची कचोरी परत सुरू झाली आहे, मला कळलंय. काही बोलले नाही. त्यांनी परीक्षा पास केली, आता थोडी सुट्टी.

८ एप्रिल

नव्या पेशींना जुनं काही आठवत नाही. लहानपणी घेतलेल्या सगळ्या लसी गेल्या, आता पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर इतके दिवस थांबल्या होत्या, कारण शिकणारं कोणी नसेल तर धडा देऊन काय फायदा. आता म्हणाल्या, सुरू करा.

या लसी ग्वाल्हेरला एका मुलांच्या डॉक्टरकडे मिळाल्या. त्यांनी आम्हाला गर्दीआधी, सकाळी पहिल्याच नंबरला बोलावलं. भिंतीवर ससे आणि हत्ती. बसायला ठेंगणी बाकं. नर्स ट्रे घेऊन आली, आमच्याकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं.

"बच्चा कहाँ है?"

गोविंदरावांनी माझ्याकडे बोट केलं. "ये रही."

नर्सला वाटलं थट्टा आहे. मग तिने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता मान हलवली. सुई टोचताना सवयीने म्हणाली, "बस बेटा, हो गया." मी म्हटलं, "थँक्यू, दीदी." तिचं वय निधीएवढं असेल.

निघताना तिने सांगितलं, थोडा ताप येईल, हाताला सूज येईल. शंभराच्या वर गेला तर दिल्लीला फोन करा.

९ एप्रिल

दंड दुखतोय. दुपारपासून अंग थोडं कसकसतंय. थर्मामीटर लावला, नव्व्याण्णव पॉइंट चार.

वर्षभर या घरात या आकड्याने सगळ्यांचे चेहरे उतरायचे. निधी बॅग भरायला घ्यायची. मी थर्मामीटर हातात धरून बसले. मग डॉ. गरिमांना मेसेज केला. उत्तर आलं, घाबरू नका, लक्ष ठेवा, आणि खरं म्हणजे खूश व्हा. इम्युनिटीने लस ओळखली आहे, ती कामाला लागली आहे.

गोविंदराव दुकानातून आले. मी थर्मामीटर पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, उजेडात धरला, वाचला. चेहरा उतरायला लागला, तेवढ्यात मी मेसेज दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग खुर्ची माझ्या पलंगाजवळ ओढून बसले आणि म्हणाले, "अर्ध्या तासाने पुन्हा लावू. वाढलाय का बघू."

"वाढायला हवाय की नकोय तुम्हाला?"

त्यांनी थोडा विचार केला. "थोडासा," ते म्हणाले. "शंभराच्या आत."